टॉवरखालची नर्सरी, जुईनगर : आमच्या आईंची परडी परत भरायला लागली

जुईनगरला राहायला येऊन आम्हाला ११ वर्षं झाली, त्यातली पहिली सात वर्षं मी इथे जुईचं एक फूल बघितलं नव्हतं, आणि मला त्याची खरंच रुखरुख वाटायची. आता आमच्या हॉलच्या ग्रिलवर जुई चढलीये, पावसाळ्यात संध्याकाळी कळ्या उमलायला लागल्या की ऑफिसमधून आल्यावर दार उघडताक्षणी वास येतो. हे ज्या नर्सरीमुळे झालं तिच्याबद्दल कधीपासून लिहायचं होतं, आज लिहितेय. थोडं लांबेल पण ज्यांची घरं लहान आहेत आणि फुलझाडं लावायची हौस आहे त्यांनी वाचा.

नर्सरीला नाव असं नाहीये. पत्र्यावर रंगाने 'नर्सरी' एवढंच लिहिलंय, तेही पावसाने पुसत आलंय. हाय टेन्शन वायरच्या टॉवरखाली आहे म्हणून आम्ही सगळे टॉवरखालची नर्सरी म्हणतो. नवी मुंबईत अशा खूप आहेत, वायरखाली बिल्डिंग बांधता येत नाही, उंच झाडं लावता येत नाहीत, मग त्या लांबच लांब पट्ट्यात नर्सऱ्या. ही स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं, नेरूळच्या बाजूला. चालवणारे काका जुन्नरकडचे, त्यांची सून हिशोब बघते आणि दोन माळी आहेत.

आता मूळ गोष्ट. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, गुहागरकडच्या. तिकडे घरामागे परस होतं, जास्वंद, तगर, अनंत, कर्दळ, सोनटक्का, आणि दारात प्राजक्त. सकाळी आंघोळ झाली की परडी घेऊन एक चक्कर मारायची की परडी भरलीच. सासरे गेल्यावर आई कायमच्या आमच्याकडे आल्या, येताना ती वेताची परडी पण घेऊन आल्या, आणि इथे देवासाठी काय तर दाराच्या कडीला अडकवलेली फुलपुडी. झेंडूच्या पाकळ्या, दोन शेवंत्या, एखादा मिटलेला गुलाब, चार दूर्वा. फुलपुडी टाकणारा मुलगा अंधारात उठून फुलं आणतो, त्याच्या कष्टाबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. पण आई रोज ती पुडी सोडताना म्हणायच्या, "ह्याला वासच नाही गं." आणि परडी देवघराच्या खाली रिकामी.

मग मी झाडं आणायला सुरुवात केली, आणि ती मरायला सुरुवात झाली. एका ॲपवरून मोगरा मागवला, तो खोक्यातच वाळून आला. हातगाडीवरून चार गुलाब घेतले, फुलांनी भरलेले होते, महिन्याभरात काड्या राहिल्या. दर वेळी आई काही बोलायच्या नाहीत पण मेलेल्या झाडाची कुंडी उचलून बाहेर नेताना मला फार वाईट वाटायचं.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी मी आईंना घेऊन या नर्सरीत गेले आणि सरळ म्हटलं, मोगरा द्या. काकांनी मोगरा दाखवलाच नाही. विचारलं, खिडकीचं तोंड कुठे? ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं? समोरची बिल्डिंग किती लांब आहे? पाणी कोण घालणार? गावाला गेलात तर किती दिवस जाता? मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं देता येईनात. तेव्हा ते म्हणाले, "ताई, एक रविवार घरी बसून ऊन मोजा, मग या, झाडं कुठं पळून नाय जात." त्या दिवशी आमच्याकडून त्यांनी एक रुपया घेतला नाही. मला तिथेच हा माणूस पटला.

पुढच्या रविवारी मी खरंच मोजलं. हॉलचं ग्रिल पूर्वेला, सात ते पावणेअकरा ऊन. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला, तिथे उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. काकांनी सांगितलं की आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीला जे काही ऊन मिळतं ते उन्हाळ्यात, आणि पावसाचे ढग आले की तेही गेलं. मी भूगोलात हे शिकले होते पण स्वतःच्या स्वयंपाकघराला कधी लावून बघितलं नव्हतं.

त्या हिशोबाने पहिली खरेदी अशी झाली : पूर्वेच्या ग्रिलला गावठी लाल जास्वंद (६० रुपये), मोगरा (१२०), जुई (८०), आणि उत्तरेला अबोलीची दोन रोपं (प्रत्येकी ४०). गोकर्णाच्या शेंगा त्यांनी वेलावरून तोडून फुकट दिल्या. मला मोठ्या फुलांची हायब्रीड जास्वंद हवी होती, पिवळी, मधे लाल, फार सुंदर होती. काका म्हणाले, पावणेचार तासाच्या उन्हात ती तुम्हाला आठवड्याला एखादं फूल देईल, गावठी रोज एक-दोन देईल, आजींना रोज पाहिजे ना? तसंच झालं. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, उद्याचं उद्या फुलायला पाहिजे, त्यामुळे देवाला रोज हवं असेल तर झाड फुलण्यात चिवट हवं, दिसायला कसंही असो. गणपतीला रोज एक लाल फूल हे आईंचं पहिलं मागणं होतं आणि ते दोन महिन्यांत पुरं झालं.

माती. हा मुद्दा नीट वाचा कारण माझी आधीची सगळी झाडं यातच गेली. नर्सरीतून येणारं रोप काळ्या पिशवीत चिकट मातीच्या गोळ्यात असतं, आपण तो गोळा तसाच लाल मातीत ठेवतो, वरून पाणी घालतो, बाहेरची माती ओली दिसते आणि गोळा आतून कोरडाच, नाहीतर उलट, सगळं थबथबून मुळं कुजतात. काका साधारण ४ भाग लाल माती, ३ भाग शेणखत किंवा गांडूळखत, ३ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) करून देतात, तुमच्या समोर कालवतात. कोकोपीटचा दुसरा फायदा वजनाचा. १० इंची कुंडी नुसत्या मातीने भरून ओली केली की नऊ-दहा किलो होते, अशा सहा कुंड्या जुन्या ग्रिलवर ठेवायच्या म्हणजे खाली रस्त्यावर मुलं खेळत असतात त्याचा विचार करायलाच पाहिजे. आम्ही ग्रिलवाल्याला बोलावून खालचे अँगल तपासून घेतले, तुम्हीही घ्या, आधी घ्या.

कुंडीखाली ट्रे ठेवणं आलंच, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी जातं आणि ते त्यांनी का सहन करावं. पण ट्रेमधे पाणी साठलं की डास. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर चार दिवसांनी ट्रे पुसून कोरडे. मी ट्रेमधे वाळू भरलीये, ती पाणी धरते आणि वर साठू देत नाही. ही युक्ती पण काकांचीच.

मोगऱ्याची गोष्ट सांगते. पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच फुलं आली आणि बास, पानंच पानं. जानेवारीत काकांनी सांगितलं, पंधरा दिवस पाणी अगदी कमी करा आणि मग निम्म्यावर छाटा. आईंना ते पटेना, चांगलं हिरवंगार झाड कशाला कापायचं, आणि माझाही हात होईना. शेवटी मी ती कुंडी रिक्षात घालून नर्सरीत नेली. काकांनी कात्रीने खालून एक वीत ठेवून सगळं कापलं, राहिलेली पानंही ओरबाडून काढली, आई बघत होत्या, त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. काका त्यांना म्हणाले, "आजी, मोगरा जुन्या फांदीवर फुलत नाय, नव्या धुमाऱ्यावर फुलतो. नवा धुमारा यायला जागा करून दिली पाहिजे." मूठभर शेणखत घातलं, परत पाणी सुरू. मार्चमधे कळ्या, आणि एप्रिलमधे एकेका दिवशी दहा-बारा फुलं. आई संध्याकाळी कळ्या काढून ओल्या फडक्यात ठेवायच्या, सकाळी देवाला, आणि शुक्रवारी माझ्या डब्याच्या पिशवीत छोटा गजरा. लोकलमधे अनोळखी बायका विचारायच्या, कुठून घेतला गं? आता दर जानेवारीला आई स्वतः छाटतात.

शेवंतीने मात्र दोन वर्षं छळलं. दिवाळीच्या आधी रोपं आणून लावली, वाढली छान, कळी एक नाही. पहिल्या वर्षी खत वाढवलं, दुसऱ्या वर्षी कुंडी बदलली. मग काकांनी विचारलं, रात्री खिडकीत उजेड पडतो का? पडतो ना, बरोबर समोर रस्त्यावरचा एलईडी दिवा आहे. तर म्हणे तेच कारण. शेवंतीला कळी धरायला लांब अंधारी रात्र लागते, दिवस लहान झाला हे तिला अंधारावरूनच कळतं, आणि मधेच उजेड पडला की ती अजून उन्हाळाच आहे समजून पानं काढत राहते. फुलशेती करणारे म्हणे याच गोष्टीचा उपयोग करतात, पाहिजे तेव्हा फुलं यावीत म्हणून शेतात दिवे लावतात किंवा काळं कापड घालतात. मी सप्टेंबरच्या शेवटापासून संध्याकाळी सहाला त्या कुंडीवर पुठ्ठ्याचं खोकं उलटं घालायचे आणि सकाळी सातला काढायचे, एकही दिवस चुकवला नाही. तीनेक आठवड्यांनी टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या दिसल्या. मी आईंना हाक मारली तेव्हा माझा आवाज इतका मोठा होता की शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या.

आता काकांनी जे विकलं नाही त्याबद्दल. आईंचा जीव प्राजक्तात अडकलेला. काकांकडे रोपं होती, पण म्हणाले ग्रिलमधे नेऊ नका, हे झाड आहे, त्याला जमीन द्या, सोसायटीच्या कंपाउंडला जागा नाही का? कमिटीशी बोलून, दोन मीटिंगनंतर, गेटच्या डाव्या हाताला जागा मिळाली. खड्डा करायला काकांनी माळी पाठवला आणि रोपाचेच पैसे घेतले. तिसऱ्या पावसाळ्यात तो फुलला. प्राजक्त रात्री फुलतो आणि उजाडता उजाडता सडा घालतो, आणि जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालतं ते एवढंच. आता ऑगस्टपासून सकाळी सहाला गेटपाशी चार-पाच बायका ताटली घेऊन असतात, त्यात दुसऱ्या मजल्यावरची मल्याळी शेजारीण आहे, बंगाली काकू आहेत, वॉचमनची बायको आहे. आधी लिफ्टमधे एकमेकींकडे बघून हसायचो तेवढंच. आता बंगाली काकू आमच्याकडून लाल जास्वंद कालीमातेला नेतात, आणि आई ज्याला पेंडगुळ म्हणतात त्याला मल्याळी शेजारीण चेत्ती म्हणते आणि ओणमच्या रांगोळीसाठी तिला तेच हवं असतं, तिच्याकडून फांदी आणून आम्ही पण लावलीये.

हे लिहिताना मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. आईंना मी बागा दाखवल्यात. राणीच्या बागेतलं पुष्पप्रदर्शन, ठाण्याचं वृक्षवल्ली प्रदर्शन, आणि २०२४ मधे ठाण्यात कोलशेतला २०.५ एकरांवर ते ग्रँड सेंट्रल पार्क सुरू झालं तिथेही नेलं. तिथे मुघल पद्धतीची बाग आहे, चिनी आहे, मोरोक्कन आहे, जपानी आहे. आईंना मनापासून आवडलं, जपानी बागेत तर बराच वेळ बसल्या. मग येताना बसमधे म्हणाल्या, "आणि आपली बाग कशी असते गं?" मी गप्प बसले. घरी आल्यावर विचार करत राहिले. आपली बाग म्हणजे परस. हिरवळ नाही, आखलेले वाफे नाहीत, प्रत्येक झाड कशासाठी तरी उभं आहे, हे देवाला, हे केसात, हे फोडणीत, हे खोकल्याला, केळीला न्हाणीचं पाणी, तुळस दारात. कुणी तिकीट काढून बघायला येत नाही पण आत पाऊल ठेवलं की घरातल्या बाईचा दिनक्रम कळतो. मला वाटतं मुघल आणि जपानी बागेइतकीच तीही एका समाजाची ओळख आहे, आणि ती आपण फ्लॅटमधे येताना मागे ठेवून आलो. टॉवरखालच्या नर्सरीत ती मला परत दिसली. काकांकडे बाकी नर्सऱ्यांसारखे मनी प्लांट, स्नेक प्लांट आहेतच, खप त्याचाच जास्त आहे हे ते स्वतः सांगतात. पण मागच्या बाजूला तगर, कण्हेर, अनंत, गुलबक्षी, सोनटक्का, शमी, माका, अडुळसा, अशी कमी खपाची झाडं ते सांभाळून ठेवतात.

हरतालिकेच्या सकाळी इथे जाऊन बघाच. बायका पत्री गोळा करायला येतात आणि काका मोठ्या झाडांवरून हवी ती पानं तोडू देतात, पैसे घेत नाहीत, फक्त शेंडा खुडू नका एवढं सांगतात. आघाडा तर त्यांच्या कुंपणाला आपोआप उगवतो, एरवी उपटतात, श्रावण-भाद्रपदात ठेवतात. दूर्वा लॉनच्या कडेने वाढतात त्या उपटून देतात, त्यातल्याच मी घरी एका पसरट ट्रेमधे लावल्या, आता एकवीसची जुडी घरच्या घरी होते. मागच्या वर्षी एक कॉलेजची मुलगी मोबाईलवर फोटो दाखवून विचारत होती की शमी कुठली, तर आईंनी तिला अर्धा तास फिरवून सगळी पत्री ओळखायला शिकवली.

ब्रह्मकमळाचं पण सांगितलं पाहिजे. काकांनी एक पान दिलं, नुसतं पान मातीत खोचायचं, आणि देतानाच सांगितलं की खरं ब्रह्मकमळ हिमालयात, हे अमेरिकेकडचं निवडुंग, आपण त्याला ब्रह्मकमळ म्हणतो. तिसऱ्या वर्षी जुलैत दोन कळ्या आल्या. रात्री दहानंतर उमलायला लागलं आणि आमच्या एवढ्याशा हॉलमधे सतरा माणसं होती, आईंनी हळद-कुंकू वाहिलं, कुणीतरी घरून साखर आणली प्रसादाला, बारापर्यंत सगळे हळू आवाजात बोलत बसले होते. सकाळी फूल मिटलेलं.

आता ज्या गोष्टी चांगल्या नाहीत त्या. किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत, विचारल्याशिवाय कळत नाही आणि काका नसतील तर माळी वेगळा भाव सांगतो. दुपारी एक ते चार बंद, ऊन डोक्यावर घेऊन जाऊ नका. पार्किंग नाही. घरपोच देतात पण हजाराच्या वर खरेदी असेल तरच. प्लास्टिकच्या कुंड्या फार पातळ आहेत, दोन उन्हाळ्यांत कडा तडकतात, कुंड्या दुसरीकडून घ्या. आणि एकदा मे महिन्यात घेतलेल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला होता, पांढरा कापसासारखा, तो माझ्या आधीच्या झाडावरही पसरला. काकांनी रोप बदलून दिलं पण माझं जुनं झाड वाचवायला दीड महिना गेला. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी, दर आठवड्याला, पानांच्या मागच्या बाजूने. तेव्हापासून कुठलंही रोप घेताना मी पानं उलटी करून बघते आणि घरी आणल्यावर पंधरा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवते. गुलाब इथून घेऊ नका, हे काका स्वतःच सांगतील, कमी उन्हाच्या घराला ते देतच नाहीत.

तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कुंड्यांचा आणि भावाचा कापला.

फुलपुडी आम्ही पूर्ण बंद नाही केली, भर पावसात आणि डिसेंबरमधे फुलं कमी होतात तेव्हा लागते, पण आता ती आठवड्यातून दोनदा. काल सकाळी आईंच्या परडीत तीन जास्वंदी, मूठभर अबोली, चार गोकर्ण आणि खालचा प्राजक्त होता. हिवाळ्यासाठी काकांनी कुंद सुचवलाय, थंडीत पांढरं फूल तोच देईल म्हणे, नवीन रोपं दसऱ्यानंतर येणार आहेत. आमचं एक बाजूला ठेवायला सांगून आलेय, पूर्वेच्या ग्रिलला डाव्या कोपऱ्यात एका कुंडीची जागा आहे अजून, दोनदा मोजून बघितलीये.